सव्वाचा गंधार

एकाला सव्वाने गुणावे, आलेल्या उत्तराला पुन्हा सव्वाने गुणावे आणि त्याही उत्तराला एकदा सव्वाने गुणावे, तर दोन पूर्ण होतात का? होत नसतील, तर जी उणीव राहते ती कुठे ठेवावी? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहावयास बसले आहे. प्रश्नाचा पहिला भाग अंकगणिताचा आहे आणि प्राथमिक शाळेतील मुलगी तो पाटीवर सोडवू शकते. दुसरा भाग आमच्या घरातला आहे. तो मला अजून पुरता सुटलेला नाही. जेवढा समजला तेवढा क्रमाने मांडते.

वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. ते धुळ्याच्या एका शाळेत गणित आणि विज्ञान शिकवीत. आम्ही दोघी बहिणी. माझी थोरली बहीण, जिला मी अक्का म्हणे, ती गाणे शिकत होती; मी गणिताच्या वाटेने चालले होते. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास अक्काचे गाणे चांगले रंगू लागले होते आणि मी माध्यमिक शाळेत होते. संध्याकाळी दिवेलागणीला पावकी, निमकी, सवायकी आणि दीडकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणण्याचा आमच्याकडे नेम होता. आम्ही दोघी सवायकी तालात म्हणत असू आणि अक्का ती नकळत सुरात म्हणू लागे. नाना हातातले वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणत, "पाढा म्हणतेस की पाळणा?"

त्याच नानांनी एका सुटीत शाळेच्या विज्ञानाच्या कपाटातून एक लाकडी यंत्र घरी आणले. लांबट पोकळ खोका, त्यावर ताणलेली एक तार आणि तारेखाली सरकवता येणारी एक घोडी, एवढेच ते यंत्र. त्यांनी आम्हाला दाखविले की पूर्ण तार छेडली असता जो स्वर येतो त्याला षड्ज मानले, तर तारेचे पाच भाग करून त्यांतले चार वाजते ठेवले की गंधार येतो. तारेची लांबी त्या प्रमाणात कमी झाली की कंपनांची संख्या सव्वापट होते. तारेचे तीन भाग करून दोन वाजते ठेवले की कंपने दीडपट होतात आणि पंचम येतो. अर्धी ठेवली की दुप्पट होतात आणि वरचा षड्ज येतो.

"म्हणजे षड्ज एक, गंधार सव्वा, पंचम दीड आणि वरचा षड्ज दोन," नाना म्हणाले. "तुम्ही दोघी रोज जे म्हणता तेच आहे हे."

अक्काने तार पुन्हा छेडली, घोडी चार भागांवर नेली आणि गंधार लावला. तिचा स्वर आणि तारेचा स्वर इतके एक झाले की कोणता कोणाचा हे कळेना. मला त्या दिवशी गाण्यातले काही समजले असे म्हणता येणार नाही. परंतु सव्वा हा आकडा ऐकू येऊ शकतो, हे मात्र समजले.

यानंतर घरात पेटी, म्हणजे हार्मोनियम, आली. अक्काला रोजच्या सरावासाठी साथ हवी म्हणून नानांनी ती घेतली होती. दोनतीन दिवसांतच अक्का कुरकुर करू लागली.

"नाना, हिचा गंधार टोचतो."

"टोचतो म्हणजे काय? नीट सांग."

"तंबोऱ्यात ऐका. खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार निघतो ना, तो खाली आहे. पेटी त्याच्या वर बसते."

नानांनी खर्जाची तार छेडून कान लावला. तंबोरा नीट जुळला असेल तर त्या तारेतून कुणी न वाजविता गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो सव्वाचाच गंधार असतो. मग नानांनी पेटीचा गंधार धरला. दोन स्वर अगदी जवळ असूनही एक नसले, तर त्यांचा मिळून एक हेलकावा ऐकू येतो, जणू आवाज कुणीतरी झोक्यावर बसविला आहे. तो हेलकावा आम्हा सर्वांना ऐकू आला. आईनेही स्वयंपाकघरातून विचारले, "काय बिघडलं?"

बिघडले काहीच नव्हते. बाजारातली पेटी अशीच असते, आणि तशी असण्यास कारण आहे. नानांनी ते आम्हाला पाटीवर करून दाखविले. षड्जापासून सव्वाच्या अंतरावर गंधार. त्या गंधारालाच नवा षड्ज मानले तर त्याच्या सव्वाच्या अंतरावर त्याचा गंधार, आणि त्यापासून पुन्हा सव्वाच्या अंतरावर तिसरा. पेटीच्या पट्ट्यांवर हे तीन टप्पे मोजले की बोट बरोबर वरच्या षड्जावर येते. परंतु आकड्यांत पाहा. सव्वाला सव्वाने गुणले की पंचवीस षोडशांश. त्याला पुन्हा सव्वाने गुणले की एकशे पंचवीस चतुःषष्टांश. दोन पूर्ण होण्यास एकशे अठ्ठावीस हवे होते. तीन भाग कमी पडले.

"बोट पोचलं, पण स्वर पोचला नाही," नाना म्हणाले. "ही उणीव कुणी केलेली नाही. ती आकड्यांतच आहे. पेटी करणारा एवढंच ठरवू शकतो की ती कुठे ठेवायची."

बाजारचा पेटीवाला ती तिन्ही टप्प्यांत सारखी वाटून देतो. प्रत्येक गंधार सव्वाहून किंचित चढा होतो. कोणत्याही पट्टीला षड्ज मानून गाता येते, आणि कोणत्याही पट्टीवर गंधार पूर्ण खरा लागत नाही. नानांना ही वाटणी पसंत पडली नाही. एका माणसाला एकच षड्ज असतो, मग त्याचे सर्व स्वर खरे लावून उरलेली सगळी उणीव जिथे त्याचे गाणे कधी जाणारच नाही अशा टप्प्यावर का ठेवू नये, असा त्यांचा विचार होता.

"तुझा षड्ज काळी पाच. पक्का ना?" त्यांनी अक्काला विचारले. काळी पाच म्हणजे पेटीच्या काळ्या पट्ट्यांतली पाचवी.

"आता नवा गळा कुठून आणू?"

"मग ठरलं."

पेटीच्या आत प्रत्येक पट्टीखाली पितळेची एक बारीक जीभ असते; भात्याच्या वाऱ्याने ती थरथरते आणि स्वर निघतो. जिभेच्या मोकळ्या टोकाशी पितळ खरवडले की ती हलकी होते आणि स्वर चढतो. मुळाशी खरवडले की ती लवचीक होते आणि स्वर उतरतो. एवढ्या दोन नियमांवर नानांनी ते काम हाती घेतले. शाळेच्या सुटीच्या दुपारी ते पेटी उघडून बसत. अक्का तंबोरा धरी, मी भाता हलवी, आणि नाना एक एक जीभ जराशी खरवडून हेलकावा ऐकत. हेलकावा मंद होत होत थांबला की ते हात वर करीत. त्या क्षणी घरात जी शांतता होई ती मला आजही ओळखता येईल. आई मात्र म्हणे, "पेटी वाजवायला आणली की सोलायला?" त्यावर नाना गंभीरपणे उत्तर देत, "सोलल्याशिवाय आतलं कळत नाही."

पेटी पुरी झाली तेव्हा काळी पाचवरून ती तंबोऱ्याशी एकजीव वाजू लागली. अक्का गाताना हसत असे. त्याआधी मी तिला गाताना हसलेली पाहिली नव्हती.

पुढे अक्काचे लग्न जळगावला झाले. ती गेली आणि तिच्याबरोबर पेटीही गेली. दिवाळीच्या सुटीत मी तिच्याकडे राहावयास गेले, तेव्हा तिच्या सासरी भजन होते आणि तिच्या सासऱ्यांचे अमळनेरचे चुलतभाऊ आले होते. त्यांना सगळे आबा म्हणत. पेटीवर बसण्याचा मान त्यांचा. त्यांनी आपल्या सवयीप्रमाणे पांढरी दोनवर षड्ज धरला आणि पहिल्याच ओळीत त्यांचे डोळे बारीक झाले. भाता थांबवून ते आपल्या अहिराणीत म्हणाले,

"सूनबाई, तुनी पेटी बठ्ठी येडी शे वं! मना गंधारच धरत नही."

"आबा, पेटी येडी नाही," अक्का आतून म्हणाली. "तुम्ही काळी पाच धरा, मग बघा कशी बोलते."

"काळी पाचवर गाऊ? मी काय कोकिळा शे का?"

सगळे हसले. अक्काच्या सासूबाईंनी संधी साधली. "सून आमच्या वळणावर आली, पण पेटी काही यायला तयार नाही. एकाच घरचं ऐकते."

"माहेरनीच बाजू लेस ती," आबांनी भर घातली, आणि शेजारची पेटी मागवून आणली गेली.

मी मनातल्या मनात हिशेब केला. अक्काच्या षड्जापासून गंधार म्हणजेच पांढरी दोन. तिथून पुढचा सव्वाचा टप्पा हाच तो टप्पा होता जिथे नानांनी उणीव एकत्र करून ठेवली होती. आबांनी नेमके तिथेच बोट ठेवले होते. मी हे अक्काला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "ठेव मनात. आबांना सांगशील तर म्हणतील, पेटीतसुद्धा आमच्यासाठी खड्डा खणून ठेवलाय." आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. या हसण्याची आठवण पुढे मला फार वेळा झाली.

अक्काला मूल झाले नाही. तिने घरच्यांच्या संमतीने गल्लीतल्या मुलींना गाणे शिकविणे सुरू केले आणि हळूहळू तिच्या ओसरीवर एक छोटी शाळाच भरू लागली. जवळच्या आसोदा गावाहूनही एकदोघी येत. मुली तिला बाई म्हणत. लहान मुलींचा आवाज काळी पाचला सहज जातो. त्यामुळे पेटीची कुणालाच अडचण होत नसे. मी शिक्षणशास्त्राची पदवी घेतली आणि धुळ्यातच नोकरी धरली. ही वर्षे चांगली होती. त्यांविषयी अधिक लिहिण्यासारखे माझ्याजवळ काही नाही.

नंतर अक्काच्या गळ्याशी एक गाठ दिसू लागली. आमच्या भागात बायकांच्या गळ्याला गाठ येणे नवे नव्हते आणि प्रथम कुणी मनावर घेतले नाही. ती वाढू लागली तेव्हा तिचे यजमान, ज्यांना मी भाऊजी म्हणत असे, तिला मुंबईला घेऊन गेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की गाठ काढावी लागेल, आणि आवाज पूर्वीसारखा राहील अशी खात्री देता येणार नाही. अक्काने भाऊजींना विचारले, "गाठ ठेवून गायले तर किती दिवस गाता येईल?" गाठ काढली.

काही आठवडे तिला बोलताच येईना. मग आवाज आला, पण पट्टी उतरून आला. दम नीट होता, सूर होता, मात्र वरच्या सप्तकाशी पोचण्याआधीच आवाज फाटत असे. तिने जळगावात कुणालाही गाऊन दाखविले नाही. सुटी लागताच ती धुळ्यास आली. चाळीसगावला गाडी बदलावी लागते. तिथे फलाटावर भाऊजी पेटी हमालाला देऊ लागले तर तिने देऊ दिली नाही, हे त्यांनी आम्हाला नंतर सांगितले.

आल्या दिवशी दुपारी ती पेटीसमोर बसली. नाना समोर, आई दाराशी, मी तंबोऱ्यावर. तिने काळी पाचवर षड्ज लावून पाहिला आणि लगेच सोडला. मग लगतची खालची पट्टी, पांढरी सहा, धरली. मी तंबोरा उतरवून जुळवला. षड्ज आला. पंचम आला, पेटीशी अगदी एक. मध्यम आला. आईच्या चेहऱ्यावर उजेड दिसू लागला. मग अक्का गंधारावर आली.

पेटीचा गंधार तिच्या गंधाराच्या कितीतरी वर वाजला. बाजारच्या पेटीत टोचत असे तेवढा नव्हे. एखाद्या परक्या पेटीचा असावा तसा. ती थांबली आणि पुन्हा षड्जापासून निघाली. पुन्हा तेच. धैवतही तसाच, निषादही तसाच. तिने तिसऱ्यांदा प्रयत्न केला नाही. भाता मिटला आणि नानांकडे पाहिले.

नानांना मी सांगण्याची गरज नव्हती. सप्तकाच्या बारा पट्ट्यांत अशा तीन-तीन टप्प्यांच्या चार साखळ्या होतात; प्रत्येकीत एका टप्प्यावर त्यांनी उणीव ठेवली होती, आणि प्रत्येक वेळी असा टप्पा निवडला होता जिथे अक्काच्या गाण्याला षड्ज धरण्याचे कारण पडणार नाही. पांढरी सहापासून तिच्या गंधारापर्यंतचा टप्पा त्यांपैकीच एक होता. तिच्या आवाजाला आजारपणाने नेमके तिथे आणून बसविले होते. नाना उठले, माठातले पाणी प्याले आणि बराच वेळ तिथेच पाठमोरे उभे राहिले.

संध्याकाळी त्यांनी विषय काढला. त्यांचा स्वर वर्गात शिकविताना असे तसा होता.

"पांढरी सहाला षड्ज धरून सगळी पेटी पुन्हा लावतो. एका सुटीचं काम आहे."

"आणि आवाज आणखी उतरला तर?" अक्काने विचारले.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, सांगता येत नाही."

"मग उतरेल तेव्हा पाहू. पुन्हा लावीन."

"नाना, किती वेळा? जिभा आधीच पातळ झाल्यात. तुम्हीच म्हणाला होता, पितळ गेलं की परत येत नाही." तिने पेटी त्यांच्याकडे सरकविली. "बाजारासारखी करून द्या."

"बाजारासारखी म्हणजे सगळीकडे थोडी चुकलेली," नाना म्हणाले.

"सगळीकडे थोडी चालेल मला. एका ठिकाणी एवढी नाही चालत. माझा आवाज कुठे जाऊन थांबेल ते मला ठाऊक नाही. जिथे थांबेल तिथे पेटी असावी, एवढंच." मग किंचित हसून ती म्हणाली, "आबांनाही वाजवता येईल. सासूबाई म्हणतील, चला, पेटी एकदाची नांदायला लागली."

आई पदराने डोळे पुसत आत गेली. नानांनी मला हाक मारली. "असा आकडा काढ की ज्याने एकाला तीनदा गुणलं तर दोन येतील." त्या दिवसांत शाळांतून दशमान पद्धती आली होती आणि सवायकी-दीडकी मागे पडू लागली होती. मी दशांशांत गुणाकार केले. सव्वा म्हणजे एक पूर्णांक पंचवीस शतांश. तो कमी पडतो. एक पूर्णांक सव्वीस शतांश घेतला तर तीनदा गुणून दोन येतात आणि वर फक्त नाममात्र उरते. सव्वाच्या गंधारात आणि सगळ्यांना चालणाऱ्या गंधारात अंतर ते इतके, एका शतांशाचे. मी हे नानांना सांगितले. ते म्हणाले, "एवढ्यासाठी मी पितळ झिजवलं."

त्या उन्हाळ्यात पेटी दुसऱ्यांदा उघडली. पूर्वी हेलकावा थांबेपर्यंत खरवडायचे होते. आता उलटे करायचे होते. स्वर खरा लागला की तिथून त्याला किंचित हलवून ठरावीक संथ हेलकावा उरेल असा सोडायचा होता. ज्यांना आयुष्यभर बरोबर उत्तर आल्यावर खाली दोन रेघा मारण्याची सवय, त्यांना हे जड गेले. नाना एखाद्या जिभेपाशी हात थांबवून म्हणत, "आता बरोबर आहे," आणि मग ती बिघडवत. पूर्वी मुळाशी खरवडलेल्या जिभा आता टोकाशी खरवडल्या गेल्या. धरल्या तर उजेड पलीकडून दिसेल की काय असे वाटावे इतक्या त्या पातळ दिसत. अक्का शेजारी बसून कैऱ्या चिरीत असे. ती त्या दिवसांत बरीच बोलली, गल्लीतल्या मुलींच्या नकला केल्या, आबांच्या कोकिळेची गोष्ट आईला दोनदा सांगितली.

पेटी पुरी झाल्यावर ती गावयास बसली. पांढरी सहा धरली. षड्ज, रिषभ, आणि गंधारापाशी येताच तिने पट्टीवरचे बोट उचलले. पेटी तेवढ्यापुरती मुकी झाली आणि अक्काचा गंधार एकटाच उभा राहिला, तंबोऱ्यातून निघणाऱ्या गंधाराशी मिळालेला, सव्वाचा. मध्यमाला तिचे बोट पुन्हा पट्टीवर आले. संपूर्ण गाण्यात ती असेच करीत गेली. तिचा कान नानांनीच सव्वावर घडविला होता. पेटी बदलली तरी तो बदलणार नव्हता.

गाणे संपल्यावर नानांनी विचारले, "गंधाराला बोट का उचललंस?"

"तेवढी मी एकटी जाते, नाना. पुढे मध्यमाला ती भेटतेच."

सुटी संपली आणि ती जळगावला परतली. तिचे म्हणणे खरे ठरले. वर्ष पुरे होण्याच्या आत आवाज आणखी एक पट्टी उतरला, काळी चारला आला, आणि पेटी तिथेही तिच्याबरोबर होती. नानांनी आपल्या मताप्रमाणे पांढरी सहाला लावली असती तर ती पुन्हा निरुपयोगी झाली असती. ओसरीवरची शाळा चालू राहिली. मधल्या काळात मला जळगावच्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकविण्याची नोकरी मिळाली आणि मी अक्काच्या जवळ राहावयास गेले.

गाठ परत आली. यावेळी मुंबईच्या डॉक्टरांनी काढावयाचे नाव घेतले नाही. कापसाच्या गाड्या सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याकडे जाऊ लागल्या त्या दिवसांत अक्काचा आवाज कुजबुजीपुरता उरला. मुली तरी येत. एके सकाळी तिने खूण करून सर्वांत मोठ्या मुलीला पेटीवर बसविले आणि रोजची प्रार्थना वाजविण्यास सांगितले. मुलीने अक्काचीच काळी चार धरली. बाकीच्या मुली बाईंच्या तोंडाकडे पाहत गप्प राहिल्या. गावे की न गावे हे त्यांना कळेना. पेटी एकटीच वाजत राहिली. षड्ज वाजला, रिषभ वाजला, आणि गंधारापाशी त्या मुलीने बोट उचलले, जसे तिने बाईंना नेहमी उचलताना पाहिले होते.

तिथे काहीच वाजले नाही.

मी अक्काकडे पाहिले. तिचे ओठ हलले होते. मग मध्यम वाजला. दुसऱ्या ओळीत पुन्हा गंधार आला, पुन्हा बोट उचलले गेले, पुन्हा तेवढी जागा रिकामी राहिली. मुलगी अतिशय काळजीपूर्वक वाजवीत होती. शिकविले होते त्यातले काहीही तिने चुकविले नाही. प्रार्थना संपेपर्यंत मी त्या रिकाम्या जागा ऐकत बसले. अक्काने शेवटी मान हलविली, जशी मुलीने बरोबर वाजविल्यावर हलवीत असे.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

दिवसकार्य झाल्यावर भाऊजींनी पेटी नानांपुढे ठेवली. नाना तोवर खूप थकले होते. त्यांनी ती उघडली नाही, वाजविलीही नाही, केवळ वरच्या फळीवरून हात फिरविला. "हिला मुलींच्या शाळेत द्या," ते म्हणाले. "आता ती कुणाच्याही गळ्याला चालते." नंतर आम्ही दोघेच असताना ते मला म्हणाले, "ती उणीव मी अशा ठिकाणी ठेवली होती की जिथे कुणी जाणार नाही असं मला वाटलं होतं." मी म्हणाले की असे ठिकाण असते का, हे कुणालाच आधी ठाऊक नसते. त्यांनी मान हलविली. पण माझे उत्तर त्यांना पुरले असे मला वाटले नाही. मलाही ते पुरलेले नाही.

पेटी आमच्या शाळेत आली. अक्काची तीच मोठी विद्यार्थिनी आता आमच्याकडे गायन शिकविते आणि सकाळच्या प्रार्थनेला निरनिराळ्या मुली पाळीपाळीने पेटी वाजवितात. महाराष्ट्र राज्य झाले त्या वर्षी एक नवी मुलगी पेटीवर बसली होती. गंधारापाशी तिने बोट उचलले. तास संपल्यावर तिने मला विचारले, "बाई, इथे बोट का उचलायचं? आमच्या गायनाच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणतात, आमच्या बाई असंच शिकवायच्या."

गायनाच्या बाईंना ठाऊक नव्हते, कारण अक्काने मुलींपैकी कुणाला सांगितले नव्हते. मला ठाऊक होते. मुलींना बोट उचलण्याचे कारण नाही. त्यांनी अक्काचा गंधार ऐकलेला नाही, त्यांचा कान पेटीवरच तयार झाला आहे, आणि त्या गंधाराची पट्टी दाबून गायल्या तर कुणालाही काही खटकणार नाही. गणिताची शिक्षिका म्हणून हे सांगणे माझे काम होते. मी ते सांगितले नाही. तिला मी पाटी आणावयास सांगितली आणि एकाला तीनदा सव्वाने गुणावयास लावले. तिने गुणले आणि म्हणाली, "एकशे अठ्ठावीसला तीन कमी पडले, बाई." मी म्हणाले, "बरोबर. त्या तीन भागांसाठी बोट उचलायचं." तिला ते कितपत समजले कोण जाणे. पण दुसऱ्या दिवशीही तिने बोट उचलले.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले ते असे. दोन पूर्ण होत नाहीत. उणीव एका ठिकाणी साठवून ठेवली तर बाकीचे सर्व खरे राहते, आणि एखाद्या दिवशी त्याच ठिकाणी जाण्याची पाळी येते. सर्वांत वाटून दिली तर कुठेही जाता येते, आणि कुठेही पूर्ण मिळत नाही. अक्काने तिसरा मार्ग काढला. तिने उणीव वाटून घेतली आणि जिथे ती सहन झाली नाही तिथे पेटी सोडून दिली. हा मार्ग गळा असेपर्यंतच चालतो.

मी गायिका नाही आणि माझ्या कानावर माझाच पुरता विश्वास नाही. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे की त्यांनी हे माझ्या सांगण्यावरून मानू नये. प्रथम पाटीवर गुणाकार करून पाहावेत. मग जुळलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार छेडून तिच्यातून निघणारा गंधार शांतपणे ऐकावा, त्याच षड्जावरून पेटीचा गंधार वाजवावा, आणि दोहोंत हेलकावा ऐकू येतो की नाही हे स्वतः तपासावे.